परड्यातलं कोई तळं : वीस हजारांचा बेत आणि पुढं झालेलं

१४ जानेवारी २०२४ (भोगी)

भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी पोटभर खाऊन दुपारी परड्यात कोई या शोभेच्या जपानी माशांच्या तळ्यासाठी चुन्याच्या रेघा मारल्या. दहा फूट बाय सहा फूट, खोली साडेतीन फूट. गाव सांगली, माती काळी, जागा घराच्या मागची. वीस हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही, असं बायकोसमोर बोलून बसलोय. ती फक्त "बरं" म्हणाली.

पहिल्या रेघा शेवग्याखाली मारल्या होत्या, आयती सावली म्हणून. आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, "शेवग्याची पानं रोज काढणार कोण? मी नाही." खरं होतं. शेवग्याचं पान नखाएवढं, जाळीत अडकत नाही, तळाशी जाऊन कुजतं. रेघा पुसल्या आणि घराच्या पूर्वेला सरकलो. तिथं सकाळचं ऊन मिळतं, दोननंतर घराचीच सावली पडते.

आठवडाभर बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघितले. निम्मा वेळ ती मंडळी तळ्यावर बर्फ धरला तर काय करायचं यावर बोलतात. आपल्याकडं उलट, एप्रिलच्या उन्हाची धास्ती. पण खोलीचा सल्ला दोन्हीकडं लागू पडतो: उथळ पाणी लवकर तापतं.

२१ जानेवारी

खोदाई झाली. गल्लीत जेसीबी वळत नाही, त्यामुळं दोन गडी, दोन दिवस, माणशी सातशे. २,८०० रुपये. वरची अडीच फूट काळी, खाली पिवळट चिकट माती. हिशेबानं दोन ब्रास (शंभर घनफुटांचा एक). ट्रॅक्टरच्या दोन खेपांत गेली, खेपेला सहाशे.

भिंती सरळ उभ्या ठेवायचा विचार होता. काल संध्याकाळी उत्तरेची कड ढासळली, अख्खा ढपलाच खाली. वाळलेली काळी माती भेगाळलेली असते, तिला उभं राहायला सांगून उपयोग नाही. मग चारी भिंतींना थोडा उतार दिला. त्यात पाणी कमी मावणार, पण गड्यांपैकी थोरला म्हणाला, "सरळ ठेवलासा तर पावसाळ्यात आमालाच बोलवाय लागंल."

एकूण खर्च : ४,०००

२८ जानेवारी

तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद मिळाला. या कामात कुठं सगळ्यात जास्त पैसे वाचले असतील तर इथंच, म्हणून सविस्तर लिहितो.

शोभेच्या तळ्यासाठी म्हणून जे लायनर विकतात त्याचा भाव ऐकून मी फोन ठेवला. मग तासगावकडच्या दाजींना विचारलं. त्यांच्या द्राक्षबागेला शेततळं आहे, मागच्या वर्षी नवा कागद टाकला होता. पाचशे मायक्रॉनचा शेततळ्याचा कागद. उन्हात वर्षानुवर्षं टिकावा म्हणूनच बनवलेला. वीस बाय सोळा फुटांचा तुकडा शेडमागं गुंडाळून पडला होता. दाजी पैसे घेत नव्हते, बळंच पंधराशे दिले. ते म्हणाले, "पाव्हणं, एवढ्या कागदात मासं पाळणार? आमचं तळं बघा, त्यात म्हशी पोहतील."

किती कागद लागतो त्याचा हिशेब: लांबी, अधिक दुप्पट खोली, अधिक दोन्ही काठांवर एकेक फूट. माझं १० + ७ + २ = १९ फूट. रुंदीचं ६ + ७ + २ = १५. म्हणजे तुकड्यात एकेक फूट शिल्लक. हा शिल्लक फूट पुढं जूनमध्ये कसा उपयोगी पडला ते त्या नोंदीत येईल.

कागदाखाली अंथरायला आईकडं जुन्या गोधड्या मागितल्या. सतरंज्या दिल्या, गोधडीला हात लावू दिला नाही. कमी पडलं तिथं चौकातून उतरवलेले वाढदिवसाचे फ्लेक्स टाकले. दणकट असतात आणि फुकट मिळतात. सध्या आमच्या तळ्याखाली तीन भावी नगरसेवक उताणे झोपलेत. त्यावर इंचभर वाळू, पोती धरून चारशे रुपये.

शेततळ्याचा कागद ताठ असतो, कोपऱ्यात सहजी दुमडत नाही. सकाळी गारठ्यात दोन तास झटलो, काही जमलं नाही. दुपारी बारा वाजता उन्हात तासभर पसरून ठेवला आणि मग बसला. कोपऱ्याची घडी एकच मोठी घाला. मी आधी छोट्या छोट्या चुण्या केल्या होत्या, त्यांत घाण साचते.

एकूण : ५,९००

४ फेब्रुवारी

फसलो.

तळाला ड्रेन हवा, असं सगळीकडं वाचलं होतं. मासे मोठे झाले की विष्ठा तळाशी बसते, ती तिथूनच काढायची. तत्त्व बरोबर आहे. मी बाथरूमच्या कामाचं फ्लँज आणि दोन इंची पाईप आणला, कागदाला मधोमध भोक पाडलं, भोवती सिलिकॉन थापलं. ९५० रुपये. दोन दिवस सुकू दिलं. फूटभर पाणी भरलं. सकाळी तळ कोरडा, आणि सिलिकॉनचं कडं बोटानं उचलल्यावर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं.

या कागदाला कुठलाच डिंक, सिलिकॉन, टेप धरत नाही. तो फक्त वितळवून जोडता येतो. हे दाजींना माहीत होतं, शेततळी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मी विचारलंच नव्हतं.

११ फेब्रुवारी

शेततळ्यांच्या कामावरचा पोरगा गरम हवेचं मशिन मोटारसायकलला बांधून आला. कागद पुसून कोरडा केला, त्याच जातीचा हातभर तुकडा भोकावर ठेवला, मशिननं कडा तापवत मागून छोटा रूळ दाबत गेला. दहा मिनिटं. आठशे रुपये, त्यातले निम्मे येण्याजाण्याचे. जाताना म्हणाला, "परत भोक पाडू नका."

ड्रेनचा नाद सोडला. त्याऐवजी तळाला एका कोपऱ्याकडं जरासा उतार आहे, तिथंच पंप बसवायचा, म्हणजे घाण आपसूक तिकडं सरकेल.

तळं भरून मोजलं. बोअरचं पाणी दोनशे लिटरचं पिंप सात मिनिटांत भरतं. तळ्याला दोन तास पंचावन्न मिनिटं लागली. म्हणजे पंचवीस पिंपं, ५,००० लिटर. हा आकडा भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय. पुढं मीठ, औषध, काहीही टाकायचं तर हाच लागतो, आणि लांबी-रुंदीच्या गुणाकारानं तो जवळजवळ ५,९०० येत होता. त्या अंदाजानं औषध टाकलं असतं तर सगळं जास्त पडलं असतं.

एकूण : ७,६५०

२५ फेब्रुवारी

फिल्टर. दोनशे लिटरची दोन निळी पिंपं: पहिल्यात पाणी गोल फिरून गाळ खाली बसणार, दुसऱ्यात खालून वर चढताना जिवाणूंच्या घरांतून जाणार. घरं म्हणजे द्राक्षबागेतली फाटकी जाळी, शेडनेटचे तुकडे, बाटल्यांची दोन पोती झाकणं आणि भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या. नारळाचा काथ्या घालू नका, तो कुजतो.

पिंपं स्वस्तात मिळवायच्या नादात बेदाण्याच्या शेडवरून आणली, सहाशेला एक. साबणानं चार वेळा धुतली. पाणी भरलं तर वर इंद्रधनुष्य! द्राक्षं वाळवायच्या आधी ज्या डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, ते तेल या पिंपांत होतं. प्लास्टिकनं ते पिऊन घेतलेलं, उन्हात तापलं की परत पाण्यात उतरतं. बाराशे रुपये गेले. पिंपं आता कोपऱ्यात शेणखतासाठी.

खाद्यपदार्थांची पिंपं आणली, एक अकराशेला. विकत घेताना झाकण उघडून वास घ्या. लोणच्याचा आला तर चालेल.

पाईप, टँक कनेक्टर, व्हॉल्व्ह मिळून १,८५०. पहिल्या पिंपाच्या बुडाला व्हॉल्व्ह लावलाच पाहिजे. आठवड्यातून दोनदा तो दहा सेकंद उघडतो, कॉफीच्या रंगाचं पाणी येतं, ते थेट वांग्यांना.

३ मार्च

सुरुवातीला कूलरचा पंप लावला होता, साडेचारशेचा. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. वीस लिटरची बादली भरायला दीड मिनिट, म्हणजे तासाला ८०० लिटर. सगळं तळं एकदा फिल्टरमधून जायला सहा तास. मला दोन तासांच्या आत हवं होतं.

नवा पंप, ८० वॅट, २,६०० रुपये. खोक्यावर ४,५०० लिटर; पाच फूट चढवल्यावर बादली २४ सेकंदांत भरते, म्हणजे ३,०००. चालेल. वीज दिवसाला जवळजवळ दोन युनिट, महिन्याला ५८. बजेटमध्ये हे धरलंच नव्हतं.

त्याच रात्री दोन वाजता आईनं उठवलं. "अरे, पाण्याचा आवाज येतोय." दुसरं पिंप काठोकाठ भरून बाहेर ओतत होतं, तळं चार बोटं खाली. पंप एक इंची पाईपमधून पाणी रेटतो, पण फिल्टरमधून तळ्यात परत येताना पाणी नुसतं उतारानं येतं, त्याला एक इंच पुरत नाही. कूलरच्या पंपाला पुरत होतं, म्हणून कळलं नाही. परतीचा पाईप दोन इंची केला. मासे असते आणि आई झोपलेली असती तर काय झालं असतं, याचा विचार करत पाचपर्यंत जागा होतो.

एकूण : १५,२००. पाईपचा बदल १,८५० मध्येच धरलाय, दुकानदारानं जुना परत घेतला. आणि हो, कूलरचा पंपही धरा. १५,६५०... नाही, परत बेरीज केली: १५,९५०. चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा.

१० मार्च

पंधरा कोई आणले. तीन इंची, सगळे मिळून सहाशे रुपये. पांढऱ्यावर लाल डागांचे सहा, त्याला कोहाकू म्हणतात. बाकी केशरी, पिवळे आणि एक काळपट, जो दुकानदारानं वर घातला. जपानच्या निईगाता भागातल्या डोंगराळ गावांत, जिथं भातशेतकरी जेवणासाठी कार्प मासे पाळायचे, तिथं ही रंगीत जात निपजली. शेतकऱ्याचाच मासा, म्हणून शेततळ्याचा कागद त्याला मानवेल असं मी बायकोला सांगितलं.

पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडले. आमचं पाणी बोअरचं आहे. नळाचं भरणार असाल तर त्यात क्लोरीन असतं. ते हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) खड्यांनी मारावं लागतं, हजार लिटरला दहा ग्रॅम.

१६ मार्च

दोन मेले. उरलेले परतीच्या पाईपच्या तोंडाशी जमून वर श्वास घेतात.

१९ ते २४ मार्च

आणखी तीन. आता ७५० रुपयांचं टेस्ट किट आणलं, जे माशांच्या आधी आणायला हवं होतं. अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन), पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) ८.२.

काय चुकलं ते साधं आहे. पाणी स्वच्छ दिसत होतं म्हणून मी समजलो तळं तयार. माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो. तो खाणारे जिवाणू जाळीवर, झाकणांवर वाढायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर फिल्टर म्हणजे नुसती पिंपं. शिवाय आपल्या बोअरच्या पाण्याचा पीएच चढा, पाणी कोमट, आणि अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो.

केलं ते असं: खाणं पूर्ण बंद. रोज चौथा हिस्सा पाणी बदललं. ओळखीच्या एकाकडं आठ वर्षांचा काचेचा टँक आहे. त्याच्या फिल्टरमधला कळकट स्पंज मागून आणला आणि दुसऱ्या पिंपात पिळला. पिळताना येतं ते काळं पाणी ओंजळभरही फुकट घालवू नका, त्यातच सगळं आहे. हवेचा पंपही लावला, इन्व्हर्टरवर, १,४०० रुपये. आमच्याकडं आठवड्यातून एकदा तरी दिवसभर लाईट जातेच.

२४ मार्चला, होळीच्या दिवशी, सहावा मेला. पोरीनं शेवग्याखाली सहाही पुरले आणि एकेका काडीवर नावं लिहिली. मला त्यांची नावं आहेत हेच माहीत नव्हतं.

एकूण : १८,७००

९ एप्रिल (गुढीपाडवा)

अमोनिया शून्य. मधे नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं जे करतात ते, तेही विषारीच) चढलं होतं, त्याला पाच किलो खडे मीठ टाकलं, हजार लिटरला किलो. आयोडीनचं नको, साधं, किराणा दुकानात पोत्यात असतं ते. आज नायट्राइटही खाली. नऊ मासे आहेत आणि पहिल्यांदाच हातातलं खाणं घ्यायला वर आले. कोईच्या तोंडाला मिशा असतात, गोल्डफिशला नसतात. हाताला त्या लागतात तेव्हा मांजरीनं हुंगल्यासारखं वाटतं.

५ ते २६ मे

पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं. मासे फक्त तोंड वर काढतील तेव्हा दिसतात. त्यात पाणी रोज कमी होतंय.

आधी दुसऱ्याचं. गळती की वाफ, हे ठरवायला बादली पाण्यानं भरून काठाशी उन्हात ठेवली, दोन्हीकडं पेन्सिलची खूण. तीन दिवसांत दोन्हीकडं सारखंच उतरलं, इंचाला जरा कमी. म्हणजे गळती नाही, सांगलीचा मे महिना आहे. रोज दोन बादल्या पाणी उडून जातं. घुशीनं कागद कुरतडला, असं मी ठरवूनच टाकलं होतं आणि पिंजराही लावला होता.

हिरव्याचं कारण ऊन आणि माशांच्या खताचं पाणी. त्यासाठी अल्ट्राव्हायोलेटचा दिवा मिळतो, मी घेतला नाही, पैसे नव्हते. मतदानाची सुट्टी होती त्या दिवशी, ७ मेला, बोटाला शाई लावून आल्यावर बांबूवर पन्नास टक्क्यांचं शेडनेट ताणलं (१,३०० रुपये). दुसऱ्या पिंपातून पाणी आता एका फुटक्या टबात पडतं. त्यात खडी, आणि खडीत कर्दळ, अळू, वेखंड. तळ्यात थेट लावले तर कोई मुळं उपटून खातात. जलपर्णी फुकट मिळत होती, घेतली नाही. कृष्णेत ती काय करते ते सगळे बघतोच.

२६ मेला तळ दिसला. तीन आठवडे लागले. कर्दळ कमरेएवढी झालीय आणि आई अळूच्या वड्या करते.

एकूण : २०,०००. इथं बजेट बरोबर संपलं, रुपयासकट. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "पावसाळा व्हायचाय अजून."

९ जून

पहिला मोठा पाऊस. तळ्याचा काठ मी जमिनीच्या पातळीत ठेवला होता, व्हिडिओत दिसतो तसा, हिरवळीतून पाणी डोकावतंय वगैरे. परड्यातलं सगळं चिखलपाणी, पानं, कोंबड्यांची घाण सरळ तळ्यात. पाण्याचा रंग चहाचा. मासे वाचले ते फिल्टर चालू होता म्हणून.

ज्या देशात पाऊस वर्षभर भुरभुरतो तिथं असा काठ चालत असेल. आपल्याकडं तासाभरात अंगणातून ओढा वाहतो. शेततळ्याला वर बांध असतो तो काय दिसायला असतो का?

१६ जून

चारी बाजूंनी नऊ इंच उंच वीटकाम कट्टा. गवंडीमामा आणि एक बिगारी, एक दिवस. विटा २,१००, सिमेंट आणि वाळू १,४००, मजुरी १,७००. कागद कट्ट्यावरून वर घ्यायचा तर दोन्ही दिशांना दीड-दीड फूट जास्त लागणार होता. एक फूट शिल्लक होता, उरलेला काठावरच्या दुमडीतून काढला. शेवटी विटेवर दुमडायला नऊ इंच उरला, बरोबर विटेच्या लांबीएवढा. मामा म्हणाले, "मोजून आणला होता काय?" मी हो म्हणालो.

कट्टा ओला असताना पाऊस आला तर सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि पीएच चढतो. आठवडाभर वर ताडपत्री ठेवली. जास्तीचं पाणी जायला वरून चार बोटं खाली दोन इंची पाईप, तोंडाला जाळी.

एकूण : २५,२००

२२ जुलै

काल रविवार होता. तळाशी गाळ साचला होता, म्हणून निम्मं पाणी उपसलं. मासे उरलेल्या पावणेदोन फुटांत. बोअर चालू करायला गेलो आणि लाईट गेली. संध्याकाळी येईल म्हणून थांबलो, आली नाही. रात्रभर पाऊस. आठवडाभर झड लागलेलीच होती, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर हे गल्लीत दर तासाला विचारलं जात होतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथं पोरांनाही पाठ. २०१९ ला साडेसत्तावन्न फूट बघितलेली माणसं आहेत.

सकाळी सहाला बघतो तर तळ्याच्या मधोमध कागद वर आलेला. तव्यावरची भाकरी फुगावी तसा काळा फुगा, वर चकचकीत ओला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत मासे आडवे पडून कल्ले हलवताहेत. पाय ठेवला तर गादीसारखा दबला आणि पलीकडून वर आला.

मला वाटलं खाली गॅस झाला. कात्री आणायला आत गेलो होतो, खरंच. तेवढ्यात मामा कट्ट्याचे राहिलेले पैसे मागायला आले.

"काय करताय?"

"गॅस काढतोय. आधी राहिलेलं पाणी काढतो, मग भोक पाडून..."

"गॅस कशाचा? जमिनीत पाणी वर आलंय ते ढकलतंय. काढू नका. भरा!"

कागदाच्या आत पाणी पावणेदोन फूट, बाहेर काळ्या मातीत काठापर्यंत. बाहेरचं भारी झालं आणि त्यानं कागद उचलला. आतलं आणखी काढलं असतं तर सगळाच वर आला असता, आणि भोक पाडलं असतं तर गढूळ पाणी आत. लाईट नव्हतीच. मी, बायको, पोरगी आणि मामा, चौघांनी पिंपांतलं, टाकीतलं पाणी बादल्यांनी ओतलं. आई मोजत होती, एकशे दहा बादल्या. फुगा एका बाजूनं बसत गेला आणि पाणी जमिनीत परत जाताना बुळुक बुळुक आवाज येत होता. एकही मासा गेला नाही.

मामांचे पैसे त्या गडबडीत राहूनच गेले, संध्याकाळी घरी नेऊन दिले.

२८ जुलै

कायमचा उपाय. तळ्याच्या खालच्या कोपऱ्याजवळ, कागदाबाहेर, साडेचार फूट खोल आळं घेतलं. त्यात भोकं पाडलेला सहा इंची पाईप उभा, भोवती खडी. नऊशे रुपये. पावसाळ्यात पाईपमध्ये बॅटरी मारून पाणी बघतो. तळ्याच्या पातळीच्या जवळ आलं की कूलरचा तो वाया गेलेला पंप आत सोडतो. दहा-पंधरा मिनिटांत उतरतं.

काळ्या मातीत तळं करणार असाल तर हा पाईप खोदाईच्या दिवशीच घाला. आणि पावसाळ्यात तळं निम्मं करू नका. पाणी बदलायचं तर आठव्या हिश्शाच्या वर नाही.

एकूण : २६,१००

१८ ऑगस्ट

सात उरले. दोन ढोकरीनं नेले. आठ दिवस ती कट्ट्यावर मान आखडून बसायची आणि आम्हाला वाटायचं, किती शांत पक्षी. भिंतींना उतार दिल्यामुळं तिला कडेच्या पाण्यात उभं राहायलाही जागा झालीय. दाजींकडून द्राक्षांवरची पाखरांची जाळी आणली, हुक आणि दोरी ३५०. खंड्या अजून तारेवर येऊन बसतो, जाळीकडं बघतो आणि जातो.

११ सप्टेंबर

गणपती. पाच दिवसांच्या गणपतींच्या तीन मूर्ती विसर्जनाला आपल्या तळ्यात आणू का, असा निरोप आला. शाडूच्या आहेत, घरगुती आहेत, काय होतंय? नाही म्हणणं सोपं नव्हतं. बेदाण्याची ती दोन पिंपं शेणखत काढून घासून पुसून कट्ट्याशेजारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि आरती तिथंच केली. माती नंतर कर्दळीला. निर्माल्याची एक पिशवी तरी रात्रीत कुणीतरी जाळीवर ठेवून गेलंच.

२० ऑक्टोबर

खाणं, मीठ वगैरे आजवर १,१५०. एकूण २७,६००. ठरवलेल्यापेक्षा ७,६०० जास्त. त्यातले ३,४०० निव्वळ चुकांचे: ड्रेन ९५०, त्याचं ठिगळ ८००, कूलर पंप ४५०, तेलकट पिंपं १,२००. कूलर पंप आणि पिंपं शेवटी कामाला लागली, पण त्या कामासाठी घेतली नव्हती. कट्टा आणि पाईप मी चुकांत धरत नाही, ते आधीच करायला हवे होते इतकंच. विजेचं बिल यात नाही. ते बायकोकडं आहे.

सात मासे, सगळ्यात मोठा पट्टीनं साडेसात इंच. तो काळपट फुकटचाच सगळ्यांत दांडगा निघाला.

काल शेजारचे तात्या बघायला आले. उमेदीत कृष्णेवर गळ टाकून बसायचे. कट्ट्यावर टेकून बराच वेळ बघितलं.

"हे जपानी का?"

"हो तात्या. कोई."

"आरं, हा सायप्रिनस. रंगीत आहे एवढंच. कोयनेच्या पाण्यात ढिगानं असतोय. आम्ही कालवण करून खाल्लंय ह्याचं."

चुकीचं नव्हतं. सायप्रिनस म्हणजे कार्प, कोई त्याचीच रंगीत जात. म्हणूनच एक लिहून ठेवतो: तळं नको झालं तर हे मासे नदीत किंवा तलावात सोडू नका. चिखल उकरून सगळं पाणी गढूळ करतात आणि तिथल्या माशांच्या खाण्यावर हात मारतात. कुणाला तरी द्या.

पोरगी तात्यांकडं टक लावून बघत होती. तिनं काळपट माशाचं नाव सांगितलं. तात्यांनी दोनदा म्हणून बघितलं, आणि जाताना त्याच नावानं हाक मारून खिशातले चार फुटाणे टाकायला गेले. मी हात धरला. फुटाणे चालत नाहीत. जाळी होतीच म्हणा, पण एक गेला आत.

फिल्टरच्या दुसऱ्या पिंपाचा टँक कनेक्टर थेंबथेंब गळतोय. रविवारी वॉशर बदलणार.